चाळीस आकड्यांचा अंधार

१

दादाचा मॅक चालू करायचा म्हणजे आधी अंधारात शिरावं लागे, आणि चिंगीला आता त्याची सवय झाली होती.

सकाळी दहा वाजता वहिनी औषधांच्या दुकानात कामाला निघून जायची. दादाची देखभाल करायला येणाऱ्या मावशी त्याचं अंग पुसायला घ्यायच्या. मग चिंगी चहाचा कप घेऊन शेजारच्या खोलीत जायची आणि टेबलाखाली वाकून बटण दाबायची.

तो मॅक कॉम्प्युटर चांगलाच जुना होता. ॲल्युमिनियमचं हे उभं धूड, पुढून मागून भोकंच भोकं. वहिनी त्याला किसणी म्हणायची. त्याचं मूळचं ग्राफिक्स कार्ड दमलं, तेव्हा दादाने पीसीत बसतं तसलं एक दांडगं कार्ड आणून त्यात बसवलं. चित्रं झकास दिसायची. खोट एकच होती. मॅक जागा होताना जी भाषा बोलतो, ती या कार्डाला येत नव्हती. सगळी सिस्टीम उठून त्याच्यासाठी दुभाषी पाठवेपर्यंत कार्ड मुकं, आणि पडदा काळा ठिक्कर. दादा म्हणायचा, "परक्या घरून आलेली सून आहे ती, थोडा वेळ गप्प बसणारच." त्यावर वहिनीने एकदा त्याच्याकडे असं काही पाहिलं, की दादाच चाळीस सेकंद गप्प बसला.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण दादाने सगळी डिस्क कुलूपबंद करून ठेवलेली, आणि पासवर्ड विचारणारी चौकट नेमकी त्या अंधारातच यायची. दिसायची नाही, पण असायची. 'ढंऽऽग' असा सूर वाजला की दहापर्यंत मोजायचं, न दिसणाऱ्या चौकटीत अकरा अक्षरं टाकायची, एंटर मारायचं आणि चाळीसपर्यंत मोजत बसायचं. पासवर्ड बरोबर असला तर चाळीसला पडदा उजळे. चुकला, किंवा टाकलाच नाही, तर अंधार संपतच नसे. आंधळी कोशिंबीर नुसती.

ती अकरा अक्षरं म्हणजे 'चिंगीटिंगी', इंग्रजीत लिहिलेलं. चिंगी अडतीस वर्षांची होती, हल्ली याच मॅकवर शाळेच्या पुस्तकांची पानं लावायचं काम करायची, डोळ्यांवर जाड चष्मा होता. पण दादाच्या लेखी ती अजून पायात पाय घालून पडणारी चिंगीच.

तीन महिन्यांपूर्वी तो याच खुर्चीत कोसळला होता. मेंदूत गुठळी. सूर वाजलेला वहिनीने स्वयंपाकघरातून ऐकला, आणि बराच वेळ पुढचं काहीच ऐकू येईना म्हणून ती डोकावली. दादाची मान कीबोर्डावर होती. समोरचा पडदा अजून काळाच होता.

तेव्हापासून दादा भिंतीपलीकडच्या खोलीत पलंगावर होता. डोळे उघडे, नजर छताला. हलायचं फक्त उजव्या हाताचं पहिलं बोट, तेही कधीमधी. डॉक्टर म्हणाले, नसांचा खेळ आहे. वहिनीची कंबर त्याला उचलून उचलून मोडली होती. तीन तासांवरच्या एका शुश्रूषागृहात खाट रिकामी झाली होती, आणि शनिवारी दादाला तिकडे न्यायचं ठरलं होतं. तिथे गेलेली माणसं परत येत नाहीत, हे वहिनीलाही माहीत होतं आणि चिंगीलाही. दोघी त्याविषयी बोलत नव्हत्या.

२

सोमवारी चिंगीच्या हातावर चहा सांडला. सूर वाजला होता, पडदा काळा होता, आणि ती "आई गं" करत फडकं शोधायला धावली. परत आली तर पडदा उजळलेला. सगळी चित्रं जागच्या जागी.

ती जरा थबकली. आपण पासवर्ड टाकला? नाही टाकला. मग टाकला असेल. सवयीने हात चालतात. घराला कुलूप लावून अर्ध्या रस्त्यात 'लावलं का' म्हणून आपण थांबतोच की.

पण मंगळवारी तिने मुद्दाम हात मांडीवर ठेवले. ढंऽऽग. एक, दोन, तीन. काळ्या काचेत तिचा चष्मा दिसत होता, आणि मागचं दार. अकरा, बारा. भिंतीतून बारीक आवाज आला. टक. टक टक. नखाने लाकडावर वाजवावं तसा. तिने मोजले, बारा ठोके. अकरा आणि वर एक.

चाळीसला पडदा उजळला.

चिंगी उठून शेजारच्या खोलीत गेली. दादा तसाच पडला होता. त्याचं बोट पलंगाच्या लाकडी कडेवर होतं, स्थिर.

"मावशी, आत्ता याचं बोट हललं का हो?"

"हललं की," मावशी टॉवेल पिळत म्हणाल्या. "रोजच हलतं. तुमचं ते खोकं ढँग वाजलं की लागतंच हलायला. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

चिंगीला रडूच फुटलं. तीन महिने ही माणसं म्हणत होती की आत कुणी नाही, आणि दादा रोज सकाळी सूर ऐकून आपला पासवर्ड टाकत होता! ते बोट कशालाही न जोडलेल्या पलंगावर वाजतं, आणि मॅक भिंतीपलीकडे उघडतो, हे कसं, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. पडला. पण पाण्यात बुडणारा माणूस दोरी कुठल्या दुकानातली ते विचारत नाही.

संध्याकाळी तिने वहिनीला सगळं सांगितलं. वहिनी चपला न काढता खुर्चीत बसून ऐकत होती.

"कुत्र्यालाही घंटेची सवय लागते, चिंगे."

"वहिनी! दादा आहे तो!"

"मला माहीत नाही का तो कोण आहे?" वहिनीचा आवाज फाटला. "मला तो हवाय गं. पण मला खोटी आशा नकोय. तेवढं आता माझ्याच्यानं होत नाही." मग नाक पुसून ती म्हणाली, "शुक्रवारी डॉक्टर यायचेत. त्यांना पटव. त्यांना पटलं तर शनिवार रद्द."

३

बुधवारभर चिंगी दादाच्या उशाशी बसून होती. "दादा, ऐकू येत असेल तर दोनदा वाजव." काही नाही. "एकदा तरी." काही नाही. खोका वाजल्याशिवाय, आणि पडदा काळा असल्याशिवाय, ते बोट हलायला तयार नव्हतं.

म्हणजे त्या अंधारात काय चालतं तेच पाहायला हवं होतं. गुरुवारी तिने स्क्रूरावांना बोलावलं.

स्क्रूराव म्हणजे दादाचे जुने मित्र, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. हे नाव दादानेच ठेवलेलं, आणि त्यांनी ते आनंदाने दुकानाच्या पाटीवरसुद्धा घातलं होतं. त्यांनी दादाचं मूळचं मॅकचं कार्ड कपाटातून काढलं, फुंकर मारली, आणि मोठ्या कार्डाच्या शेजारच्या खाचेत बसवलं. त्याला एक छोटा जुना मॉनिटर जोडला.

"म्हातारं झालं तरी घरचं माणूस आहे," ते म्हणाले. "याला भाषा येते. तुझा मोठा पडदा काळाच राहील, पण अंधारात जे घडतं ते हा छोटा दाखवेल. पासवर्ड मात्र वाचता यायचा नाही हं. अक्षर कुठलंही दाबा, चौकटीत नुसता ठिपका पडतो."

ढंऽऽग. छोटा पडदा राखाडी झाला. मधोमध दादाचा गोल फोटो, त्याखाली रिकामी चौकट. चिंगीला गंमत वाटली. रोज आपण आंधळेपणाने हिच्याशी बोलत होतो, ती ही.

चौकटीत ठिपका पडला. मग आणखी एक. जरा थांबून एक. थांबून एक. थांबून तीन.

"कीबोर्डावरचा हात काढ," स्क्रूराव म्हणाले.

"माझा हात कुठाय तिथे?"

त्यांनी कीबोर्ड पाहिला, उलटा करून आपटला, आणि शेवटी त्याची वायर उपटून काढली. दोन ठिपके पडले. एक. एक. तीन. भिंतीपलीकडे बोट वाजत होतं.

"बिनतारी कीबोर्ड असेल कुठेतरी," स्क्रूराव म्हणाले. पण ते बोलताना त्यांनी खोक्याची मागची बाजू चाचपली होती, आणि तिथे काहीही जोडलेलं नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, पिशवी उचलली. नेहमी दोन कप चहा प्यायल्याशिवाय न हलणारा माणूस, त्या दिवशी पाणीही न घेता गेला. स्क्रूड्रायव्हर टेबलावरच राहिला.

४

चिंगी हलली नाही. ठिपके पडतच होते. दोन, एक. एक, तीन. दोन, एक. एक, तीन.

टेबलावर तिच्या कामाचा छापील कागद पडला होता, पहिलीच्या पुस्तकातलं पान. क ख ग घ ङ. खाली च छ ज झ ञ. तिची नजर त्यावर गेली, आणि ती बोटाने ओळी मोजायला लागली.

भिंतभाषा!

लहानपणी दोघांच्या पलंगांमध्ये एक भिंत होती, आणि दिवे गेल्यावर बोलायला आईची मनाई. तेव्हा दादाने ही युक्ती काढली होती. आधी ओळ ठोकायची, मग त्या ओळीतली जागा. क ची पहिली ओळ, च ची दुसरी, ट ची तिसरी, असं करत य र ल व श ची सहावी आणि उरलेल्या ष स ह ळ ची सातवी. काना, मात्रा, अनुस्वार ठोकत बसायला वेळ कुणाला? ते सगळे गाळायचे. शब्दाच्या सुरुवातीचे स्वरही गाळायचे. ऐकणाऱ्याने आपल्या अकलेने भरून घ्यायचं.

आणि अक्कल कधी कधी कमी पडायची. एका रात्री दादाने ठोकलं होतं, क, ड. चिंगीने 'कडी' वाचलं, उठून शहाण्या मुलीसारखी दाराची कडी लावली आणि गाढ झोपली. त्याला म्हणायचं होतं 'किडा'. तिच्या उशीखाली त्याने रबरी झुरळ ठेवलं होतं, आणि किंकाळीची वाट पाहत बिचारा पहाटेपर्यंत जागा राहिला. पुढे कित्येक वर्षं घरात कुणी घोळ घातला की दोघं एकमेकांना म्हणायची, "कडी की किडा?"

दुसऱ्या ओळीतलं पहिलं, च. पहिल्या ओळीतलं तिसरं, ग.

"चिंगी," ती मोठ्याने म्हणाली. "दादा, मी आहे. मी इथेच आहे रे."

ठिपके थांबले.

५

शुक्रवारी डॉक्टर आले. शांत, थकलेले गृहस्थ. चिंगीचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "बाई, हे शरीर मी रोज तपासू शकतो. आत मन आहे की नाही, ते मला सांगता येत नाही. तुम्हाला सांगता येत असेल तर दाखवा."

ठरलं असं. डॉक्टर पलंगाशी उभे राहून बोटाचे ठोके लिहितील. चिंगी पलीकडे छोट्या पडद्यासमोर ठिपके लिहील. दोघांनी एकमेकांचं पाहायचं नाही. वहिनी दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहिली, ओढणीचं टोक मुठीत धरून.

डॉक्टरांनी वाकून मोठ्याने विचारलं, "ऐकू येतंय? तुमचं मन आहे का इथे?"

चिंगीने बटण दाबलं.

राखाडी पडदा. चौकट. सात ठिपके. तीन. पाच. पाच. चार. पाच. सात. तीन. मग काही नाही.

कागद शेजारी शेजारी ठेवले. आकडे तंतोतंत सारखे. चिंगीने खाली अक्षरं लिहिली. सातव्या ओळीतलं तिसरं, ह. पाचवीतलं पाचवं, म. चौथीतलं पाचवं, न. पुन्हा ह.

ह, म, न, ह.

"हो, मन आहे," चिंगी म्हणाली. "वहिनी, तो म्हणतोय, हो, मन आहे!"

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. डॉक्टरांनी दोन्ही कागदांवरचे आकडे पुन्हा एकदा जुळवून पाहिले. "माझा तीस वर्षांचा धंदा आहे," ते म्हणाले, "असलं कधी पाहिलं नाही. पेशंटला हलवू नका. उद्याची गाडी रद्द करा."

एवढ्या आनंदात मावशींचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. त्या दादाचं पांघरूण नीट करत म्हणाल्या, "बोट जरा मागे होतं हं."

"मागे म्हणजे?" वहिनीने डोळे पुसत विचारलं.

"ताई तिकडे मोजत होत्या ना, तोंडातल्या तोंडात? मी मधल्या दाराशीच उभी होते, मला दोन्ही ऐकू येत होतं. त्यांचा आकडा आधी, बोट मागून. लहान पोर पाटीवर अक्षर गिरवतं ना, तसं."

"अहो, भिंत आहे मधे," चिंगी हसून म्हणाली. "आवाज यायला वेळ लागतो."

६

आणि दादा खरंच बरा व्हायला लागला.

आधी नजर छतावरून खाली आली. मग मान. तिसऱ्या आठवड्यात तो "पाणी" म्हणाला, आणि वहिनीने अख्ख्या दुकानाला पेढे वाटावेत तशी ती बातमी वाटली. पाचव्या आठवड्यात तो चार पायांची काठी घेऊन उभा राहिला. घरभर त्या काठीचा आवाज, खट, खट, मग पाय ओढल्याचा. वहिनीने एकदा चिंगीला गच्च मिठी मारली. "तू नसतीस तर मी त्याला पाठवून दिलं असतं गं. जन्मभर तुझे उपकार." चिंगीला इतकं बरं वाटलं, की त्या रात्री ती चार महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपली.

बोलायचा तो फार थोडं. शब्द ओढत, एकेक. तिला 'चिंगी' म्हणाला नव्हता, पण आजारात नावं जातात, डॉक्टरांनी तसं बजावलंच होतं. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा हिरवट दिसत होता. दादा म्हणजे सिनेमांचे रंग जुळवणारा माणूस. पाहुण्यांच्या घरचा टीव्हीसुद्धा उठून नीट करायचा. आता तो तासन् तास त्या हिरव्या बाईकडे पाहत बसे. तेही आजारामुळेच. मावशींची गरज उरली नाही. जाताना त्यांनी दारात चप्पल घालता घालता विचारलं, "तुमचा दादा आधीपासून डावखुरा आहे का हो?"

"नाही. का?"

"काही नाही. असू दे."

एकदा चिंगीने गमतीने त्याच्या खुर्चीच्या हातावर ठोकलं. क, ड. मग विचारलं, "कडी की किडा?"

दादाने तिच्या बोटाकडे पाहिलं. नंतर तिच्याकडे. मग तो हसला. छान हसला, सगळे दात दाखवून. उत्तर दिलं नाही.

मॅकच्या खोलीत तो येत नसे. उंबऱ्यापर्यंत काठी येई, थांबे, परत फिरे. छोट्या मॉनिटरची वायर चिंगीने केव्हाच काढून ठेवली होती, टेबलावर जागा नव्हती म्हणून. आता ठिपक्यांची गरजही नव्हती; दादा साक्षात घरात फिरत होता. पुन्हा आपली जुनी आंधळी कोशिंबीर सुरू. फक्त हल्ली पासवर्ड पहिल्या फटक्यात लागत नसे. टाकावा, चाळीस मोजावे, अंधार तसाच. पुन्हा टाकावा, तेव्हा कुठे उजळे. रोजच. बोटं म्हातारी झाली आपली, असं म्हणून ती सोडून देई.

सातव्या आठवड्यात दादा जेवताना म्हणाला, "ते... खोकं... काढ."

"कोणतं रे? मॅक?"

"काढ," दादा म्हणाला. "नको... घरात."

वहिनीलाही ते पटलं. त्याच खुर्चीत तो कोसळला होता. कुणाला नकोसं वाटणार नाही? चिंगीने स्क्रूरावांना फोन केला. ते नाखुशीनेच म्हणाले, चारला गाडी पाठवतो, मी स्वतः येत नाही.

७

तीन वाजले होते. ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. वहिनी कामावर. दादा बाहेरच्या खोलीत टीव्ही पाहत होता. चिंगीने आपल्या फायली काढून घेतल्या होत्या, खोका बंद केला होता आणि वायरी गुंडाळत होती. छोट्या मॉनिटरची वायर हातात आली, तेव्हा तिला भडभडून आलं. या डबड्यामुळे दादा परत मिळाला होता. भंगारात द्यायच्या आधी एकदा त्याचं तोंड पाहून घ्यावं, असं तिला वाटलं. तिने वायर जोडली आणि बटण दाबलं.

ढंऽऽग.

बाहेर टीव्हीचा आवाज बंद झाला.

राखाडी पडदा आला. दादाचा गोल फोटो. चौकट. कीबोर्ड तर तिने मघाशीच वायर गुंडाळून पिशवीत घातला होता.

ठिपका पडला. एकापाठोपाठ एक, घाईघाईने. सात.

चिंगी खुर्चीत बसली.

तीन. पाच. पाच. चार. पाच. सात. तीन.

तेच. ह, म, न, ह. हो, मन आहे. पण हे कोण बोलतंय? दादा तर बाहेर बसलाय. आणि 'हो' कशाला? तिने स्वतःशी तर्क केला, शाळेच्या पुस्तकात चूक शोधावी तसा, अक्षरावर बोट ठेवून. 'हो' हे उत्तर असतं. त्या दिवशी डॉक्टरांनी प्रश्न विचारला होता, म्हणून आपण 'हो' भरलं. आज कुणी काहीच विचारलेलं नाही. मग प्रश्न काढून टाकला, तर ही चार अक्षरं काय म्हणतात?

ह. हा.

म. मी.

न, ह.

हा मी नाही.

त्या दिवशीही तो हेच सांगत होता. पलंगावर पडलेल्याविषयी सांगत होता, आणि आपण मन लावून चुकीचं वाचलं. गाडी रद्द केली. भरवलं, चालवलं, घरभर फिरवलं. आणि तो, आपला दादा, सात आठवडे रोज सकाळी या अंधारात येऊन ओरडत होता. म्हणून तर पासवर्ड लागत नव्हता. चौकट रिकामी नसायचीच. त्याच्या ठिपक्यांवर आपण आपलं 'चिंगीटिंगी' टाकायचो आणि एंटर मारून त्याला पुसून टाकायचो. रोज.

"दादा," ती कुजबुजली, "दादा, मला माफ कर रे."

ठिपके पुन्हा पडू लागले. एक. एक. तीन. तीन.

क. ड.

यावेळी तिला अर्थ लावावा लागला नाही. तिने मान वळवली नाही, वर पाहिलं. मोठा पडदा अजून काळा होता, आणि त्याच्या काचेत मागचं दार दिसत होतं. तिने ते लोटलं होतं, कडी लावली नव्हती. आता ते सताड उघडं होतं.

काठीचा आवाज आला नव्हता. पाय ओढल्याचाही नाही. काचेत तो ताठ उभा होता, उंबऱ्याच्या आत, आणि चार पायांची काठी त्याने हातात उचलून धरली होती.

छोट्या पडद्यावर ठिपके पडतच होते. एक, एक. तीन, तीन. एक, एक.

"काय म्हणतोय गं तो, चिंगी?" मागून दादाच्या आवाजात प्रश्न आला. एकही शब्द ओढला नव्हता.